चाक नाही, लोखंड नाही, लिपी नाही. तरी अँडीजचे डोंगर पिकले कसे?

प्रश्न असा आला आहे: "युरोपीय लोक पोहोचण्याआधी दक्षिण अमेरिकेत चाक नव्हतं, लोखंड नव्हतं, घोडे-बैल नव्हते, लिहायला लिपी नव्हती. मग इंकांचं एवढं मोठं राज्य, डोंगरभर दगडी पायऱ्यांची शेती, हजारो किलोमीटरचे रस्ते हे सगळं झालं कसं? की बरंचसं वाढवून सांगितलेलं आहे?"

मी पाणलोटाच्या कामातला माणूस. उतारावरची माती आणि पावसाचं पाणी जागच्या जागी थोपवणं यातच माझी उमेदीची वर्षं गेली. पेरूमधली जुनी कामं मी त्याच नजरेनं पाहिली आणि वाचली, म्हणून उत्तरही त्याच बाजूनं देतो. संपूर्ण अमेरिकेबद्दल एका दमात बोलणं बरोबर होणार नाही. मेक्सिकोतल्या तळ्यात तरंगत्या वाटाव्यात अशा वाफ्यांवर शेती करणारे लोक, मिसिसिपीच्या काठी मातीचे प्रचंड उंचवटे रचणारे काहोकियाचे लोक आणि अँडीजच्या डोंगरातले लोक यांच्या भाषा, पिकं, राज्यपद्धती सगळंच वेगळं. मी अँडीजपुरतं बोलतो.

वाढवून सांगितलेलं नाही. उलट जे दगडात दिसतं तेवढंच सांगितलं जातं आणि खरी गोष्ट मागे राहते. दगड रचणं हा त्या कामातला सोपा भाग होता. अवघड भाग होता तो माणसं जमवण्याचा, त्यांना खाऊ घालण्याचा, कोणी किती काम केलं याचा हिशेब ठेवण्याचा आणि बांधलेलं पुढच्या पिढ्यांकडून दरवर्षी दुरुस्त करून घेण्याचा. त्यांची सगळी हुशारी तिथे खर्च झाली होती.

आधी ती 'नव्हतं'ची यादी बाजूला करू. चाकाला ओढणारं जनावर लागतं आणि सपाट वाट लागते. अँडीजमधलं सगळ्यात मोठं पाळीव जनावर म्हणजे लामा. तो पाठीवर पंचवीस-तीस किलो ओझं नेतो, त्याहून जास्त लादलं तर खाली बसतो. गाडी ओढणं त्याच्या अंगात नाही. रस्ते तर असे की जागोजाग दगडी पायऱ्याच चढायच्या, तिथे गाडी नेणार कुठून? धातूकामाचं म्हणाल तर सोनं, चांदी, तांबं आणि कासं यात ते लोक तरबेज होते. लोखंड त्यांनी वितळवलं नाही, हे खरं. पण दगडाला दगडानं ठोकून घडवणं, ओली वाळू लावून घासणं, याला लोखंड लागत नाही. वेळ आणि माणसं लागतात.

आता जमीन बघा, कारण सगळं तिथून सुरू होतं. पॅसिफिकच्या किनाऱ्याला लागून वाळवंट आहे. लिमा शहरात वर्षभरात दोन सेंटिमीटर पाऊससुद्धा पडत नाही. तिथून पूर्वेला सव्वाशे-दीडशे किलोमीटरच्या आत डोंगर ५,००० मीटरवर जातो आणि पलीकडे उतरून अॅमेझॉनच्या जंगलात शिरतो. साधारण साडेतीन हजार मीटरपर्यंत मका येतो. त्याच्या वर बटाटा आणि किनोआ. ४,००० मीटरच्या वर पीक जवळजवळ नाहीच, मुख्यतः गवत आणि त्यावर चरणारे लामा-अल्पाका. एकाच डोंगरात एवढे हवामानाचे पट्टे, आणि प्रत्येक पट्ट्यात वर्षाआड काहीतरी हुकणार: कुठे दुष्काळ, कुठे ऐन फुलोऱ्यात पडलेलं दहिवर (गोठलेलं दव), कुठे गारपीट.

अशा ठिकाणी एकाच उंचीवर शेती करणारं गाव टिकत नाही. म्हणून एकेका समूहानं आपली माणसं वेगवेगळ्या उंचीवर पांगवली. टिटिकाका सरोवराकाठचे लुपाका लोक ३,८०० मीटरवर राहायचे. १५६७ मध्ये स्पॅनिश अधिकारी गार्सी दिएस याने त्यांची पाहणी केली तेव्हा असं दिसलं की पश्चिमेला समुद्राकडच्या गरम खोऱ्यांत त्यांची मक्याची आणि कापसाची शेतं आहेत आणि पूर्वेला उतारावर कोकाची (पानं चघळतात त्या झुडपाची). ती शेतं कसणारी माणसं कित्येक दिवसांच्या वाटेवर राहत होती, तरी मूळ गावात त्यांचा हक्क शाबूत होता. बाजारपेठेवर फारसं अवलंबून न राहता घरात मका, बटाटा, लोकर, मिरची सगळं यायचं ते या नात्यांमधून. जॉन मुर्रा या अभ्यासकानं १९७२ मध्ये ही पद्धत नीट मांडून दाखवली आणि तेव्हापासून अँडीजचा कुठलाही अभ्यास तिला वळसा घालून पुढे जात नाही.

आता पायऱ्यांची शेती. फोटोत दिसते ती फक्त भिंत. आमच्या धंद्यातला माणूस जिथे भिंत ढासळलेली असते तिथे आधी थांबतो, कारण आतलं काम तिथेच उघडं पडतं. दक्षिण पेरूतल्या कोल्का खोऱ्यात आणि इंकांची राजधानी कुस्को हिच्या आसपास अशी ढासळलेली तोंडं भरपूर आहेत. भिंत किंचित आत, डोंगराकडे कललेली. तिच्या मागे तळाशी मोठे दगड, त्यावर लहान दगडांचा थर, त्यावर जाड वाळू-खडी आणि सगळ्यात वर काळजीनं आणून पसरलेली माती. पाऊस पडला की पाणी मातीत मुरतं, जास्तीचं झिरपत खडीतून खाली जातं. भिंतीमागे पाणी तुंबून ती फुगत नाही. आपल्याकडे उतारावर बांध फुटतो तो बहुतेक वेळा भिंत कच्ची म्हणून नव्हे, मागे तुंबलेल्या पाण्याला वाट ठेवलेली नसते म्हणून. त्या लोकांनी निचरा आधी धरला आणि भिंत नंतर.

माचू पिच्चूला हे सगळ्यात स्पष्ट दिसतं. तिथे वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो, वस्ती दोन कड्यांमधल्या खिंडीवर, खालची जमीन भूकंपानं खिळखिळी झालेली. केनेथ राइट या पाणी-अभियंत्यानं तिथे बरीच वर्षं मोजमाप केलं. झऱ्यापासून वस्तीत आणलेला पाट ७४९ मीटर लांबीचा, त्यावर एकाखाली एक अशी १६ कारंजी, आणि भिंतींमधून पाणी बाहेर काढणारी शंभराहून जास्त तोंडं. दगड घडवताना उडालेल्या चिपासुद्धा त्यांनी फेकल्या नाहीत, जमिनीखाली निचऱ्याच्या थरात भरल्या. पाचशे-साडेपाचशे पावसाळे गेले आणि ती खिंड जागेवर आहे. माझ्या मते वरच्या मंदिरांपेक्षा हे न दिसणारं काम कितीतरी मोठं आहे.

दगडी भिंतीचा आणखी एक उपयोग असा की दिवसभर ऊन खाऊन ती तापते आणि रात्री ऊब सोडते, त्यामुळे पिकाला दहिवराचा मार कमी बसतो. मोराय इथल्या गोल गोल पायऱ्यांबद्दल मात्र गाइड लोक 'इंकांची कृषी प्रयोगशाळा' असं छातीठोकपणे सांगतात. वरच्या आणि खालच्या पायरीच्या तापमानात फरक पडतो हे खरं. तिथे पिकांचे प्रयोग होत होते याला तसा थेट पुरावा नाही.

पायऱ्या इंकांनीच शोधल्या असंही नाही. त्यांचं राज्य पसरलं ते शेवटच्या शंभर-सव्वाशे वर्षांत, पंधराव्या शतकाच्या सुरुवातीपासून १५३२ पर्यंत. त्याआधी वारी, तिवानाकु अशी राज्यं आणि कित्येक लहान समूह हजारो वर्षं या डोंगरात शिकत होते. मला सगळ्यात जवळची वाटणारी गोष्ट त्या आधीच्याच काळातली आहे: अमुना.

लिमाच्या वरच्या डोंगरात वामांतांगा नावाचं गाव आहे. डिसेंबर ते मार्च-एप्रिल एवढाच पाऊस, नंतर आठ महिने कोरडे. पावसाळ्यात ओढा भरून वाहतो तेव्हा हे लोक छोटा दगडी बांध घालून त्याचं पाणी एका पाटात वळवतात. हा पाट डोंगराच्या कुशीनं जवळजवळ समपातळीत जातो आणि त्याचा तळ मुद्दाम पाझरता ठेवलेला असतो. पाणी शेतात न्यायचंच नाही, डोंगरात मुरवायचं. पाटाच्या शेवटी खडकाळ, भेगाळलेल्या जागा आणि उथळ खड्डे. उरलेलं पाणी तिथे सोडून द्यायचं. मग ते आतून झिरपत खाली येतं आणि गावाजवळच्या झऱ्यांमधून बाहेर पडतं. कुठल्या पाटाचं पाणी कुठल्या झऱ्याला फुटतं हे गावकऱ्यांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत. संशोधकांनी पाण्यात रंग सोडून तपासलं तर गावकऱ्यांचं म्हणणं बरोबर निघालं. २०१९ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. मुरवलेलं पाणी दोन आठवड्यांपासून आठ महिन्यांपर्यंत उशिरानं, सरासरी ४५ दिवसांनी, वर येतं. म्हणजे ओढ्यातून दोन दिवसांत समुद्राला गेलं असतं ते पाणी कोरड्या दिवसांत हाताशी येतं. हे तंत्र सुमारे १,४०० वर्षं जुनं आहे. समतल चर आणि पाझर तलाव खोदणाऱ्या माणसाला यापेक्षा वेगळं काय हवं असतं? फरक एवढाच की आम्ही पडलेला पाऊस जिथल्या तिथे अडवतो, आणि त्यांनी वाहतं पाणी उचलून जिथे डोंगर पिऊ शकतो तिथे नेलं. जागेची ही निवड आमच्याकडे आजही घाईघाईत उरकली जाते.

नेमकं इथे माणसांचं काम समोर येतं, आणि त्यासाठी टिटिकाकाकाठचं एक उदाहरण सांगायलाच हवं. सरोवराच्या भोवती सुमारे ८२,००० हेक्टर जमिनीवर जुन्या उंच वाफ्यांच्या खुणा आहेत. त्यांना वारू-वारू म्हणतात. चर खणायचे, निघालेली माती मधल्या पट्ट्यावर टाकून तो मीटरभर उंच करायचा, चरांत पाणी साठवायचं. पावसाळ्यात मुळं कुजत नाहीत, कोरड्या दिवसांत ओल मिळते, चरातलं पाणी दिवसा तापून रात्री दहिवर कमी करतं आणि त्यातला गाळ उपसून वाफ्यावर टाकला की तेच खत. १९८०च्या दशकात क्लार्क एरिक्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वाता गावच्या लोकांबरोबर हे वाफे पुन्हा उभे केले. बटाट्याचं उत्पन्न हेक्टरी सरासरी १० टनांच्या आसपास गेलं, त्या भागातल्या नेहमीच्या उत्पन्नाच्या दुपटीपेक्षा जास्त.

मग सरकारी खाती आणि संस्था उत्साहानं पुढे आल्या. मजुरीचे पैसे आणि धान्य देऊन शेकडो हेक्टरवर वाफे झाले. पैसे थांबले आणि बहुतेक वाफे पडीक झाले. नकाशा बरोबर होता, मोजमाप बरोबर होतं. जमीन कोणाची, गाळ कोणी उपसायचा, पीक कोणाचं हे मात्र त्या लोकांनी ठरवलेलं नव्हतं. योजनेचे पैसे संपल्यावर ओस पडलेले बंधारे ज्यांनी पाहिलेत त्यांना यात नवीन काही वाटणार नाही.

जुन्या काळी हे कोण ठरवत होतं? आयल्यू. नात्यानं बांधलेला, सामाईक जमीन राखणारा समूह. आज तू माझ्या शेतात, उद्या मी तुझ्या, याला ते आयनी म्हणतात. आपल्याकडची इर्जिक किंवा जुन्नर-आंबेगावच्या डोंगरातली पडकई ज्यांना माहीत आहे त्यांना हे समजावून सांगायला नको. इंकांनी ही सवय उचलून राज्याच्या मापाची केली. कर धान्यात किंवा पैशात नव्हता, श्रमात होता: मिता. प्रत्येक घरानं ठरलेली पाळी द्यायची, रस्त्यावर, पुलावर, शेतात, विणकामाला किंवा सैन्यात. पाळीवर आलेल्या माणसाला खाणं, मक्याची दारू आणि अवजारं राज्यानं द्यायची. घरांची मोजदाद दहा, शंभर, हजार, दहा हजार अशा गटांत आणि प्रत्येक गटावर एक मुकादम. प्रत्यक्षात आकडे इतके चोख बसत नसणार, पण बांधणी अशी होती.

एवढ्या माणसांना खाऊ घालायला साठा हवा. कोठारांच्या रांगा आजही डोंगरउतारावर उभ्या आहेत: वानुको पाम्पाला ४९७, मध्य पेरूतल्या जौहाच्या खोऱ्यात अडीच हजारांहून जास्त, बोलिव्हियात कोचाबांबाजवळ कोतापाचीला सुमारे २,४००. जागा मुद्दाम वाऱ्यावरची, थंड. जमिनीखालून हवा खेळायची सोय. वानुको पाम्पाला गोल कोठारांत मका आणि चौकोनी कोठारांत बटाट्यासारखे कंद असत. बटाटा तर कित्येक वर्षं टिकायचा, कारण त्याचा चुन्यो केलेला असायचा. जूनच्या कडक थंडीत लहान बटाटे गवतावर पसरतात, रात्री ते गोठतात, दिवसा उन्हात सैल पडतात, मग बायका-पुरुष पायानं तुडवून त्यातलं पाणी आणि साल काढतात आणि राहिलेलं वाळवतात. हातात घेतला तर गारगोटीएवढा आणि बुचासारखा हलका. कडू जातीच्या बटाट्यांमधलं विषारी द्रव्यही यात कमी होतं. टिटिकाकाकाठी चुन्यो आजही घरोघरी होतो.

आता लिपी. हिशेब ठेवायला त्यांच्याकडे किपू होता: एका आडव्या दोरीला लोंबणाऱ्या दोऱ्या आणि त्यांवर गाठी. लेलंड लॉक यांनी १९१२ मध्ये दाखवून दिलं की ही दशमान पद्धत आहे. दोरीच्या खालच्या टोकाशी एकक, त्याच्या वर दशक, त्याच्या वर शतक. दशक-शतकाला साध्या गाठी. एककाला लांब गाठ, जितके वेढे तितका आकडा. एक असेल तर आठच्या आकाराची वेगळी गाठ. जागा रिकामी म्हणजे शून्य. काही किपूंत एक वरची दोरी इतर दोऱ्यांची बेरीज दाखवते. लिमाच्या दक्षिणेला इंकावासी इथल्या कोठारात अलीकडे किपू सापडले ते शेंगदाणे, मिरच्या आणि घेवड्यांच्या सोबत. म्हणजे मालाची नोंद मालाशेजारीच.

या नोंदी किती विश्वासाच्या होत्या हे एका दाव्यावरून कळतं. जौहाच्या सरदारांनी इंकांविरुद्ध स्पॅनिशांना साथ दिली होती. १५६१ मध्ये ते लिमाच्या न्यायालयात गेले आणि १५३३ पासून स्पॅनिश सैन्याला आपण काय काय पुरवलं ते किपू वाचून सांगितलं. लामा, कापड, मका, बटाटे, जोडे, ओझी वाहायला दिलेली माणसं. स्वखुशीनं दिलेलं वेगळं आणि शिपायांनी लुटून नेलेलं वेगळं. जवळजवळ तीस वर्षांचा हिशेब, गाठींमध्ये. न्यायालयानं तो लिहून घेतला, म्हणून आपल्याला वाचता येतो. गाठींत गोष्टी आणि नावंही होती का, यावर संशोधन चालू आहे. पण ज्या राज्याला असा हिशेब ठेवता येत होता त्याला निरक्षर म्हणून झटकून टाकणं मला पटत नाही.

हे रामराज्य नव्हतं, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवं. बंडखोर वाटणाऱ्या समूहांना मुळासकट उचलून दूर वसवलं जायचं. वायना कापाक या राजानं कोचाबांबाच्या खोऱ्यातल्या मूळ लोकांना हलवून तिथे राज्याच्या मक्यासाठी चौदा हजार माणसं आणली. बर्फाळ शिखरांवर मुलांचे बळी दिले जात; यूयायाको शिखरावर ६,७०० मीटरच्या वर १९९९ मध्ये तीन मुलांचे गोठलेले देह सापडले. जौहाचे लोक परक्यांना जाऊन मिळाले ते उगीच नव्हे.

१५३२ मध्ये स्पॅनिश आल्यावर जे घडलं त्यात तलवारीपेक्षा रोगांनी जास्त माणसं नेली. आजच्या पेरूच्या भागात १५२० च्या सुमारास ९० लाखांच्या आसपास लोक असावेत आणि शंभर वर्षांत त्यातले जेमतेम सहा लाख उरले, असा एक मान्यवर अंदाज आहे. मग १५७० च्या दशकात स्पेनच्या राजाचा प्रतिनिधी, व्हाइसरॉय तोलेदो, यानं दहा लाखांहून जास्त लोकांना डोंगरावरच्या विखुरलेल्या वस्त्यांमधून काढून चौकोनी आखलेल्या गावांत आणलं, कर घेणं आणि धर्म शिकवणं सोपं जावं म्हणून. वरच्या पायऱ्या लांब राहिल्या. मिता हे नाव तसंच ठेवून दरवर्षी तेरा हजारांहून जास्त पुरुष आजच्या बोलिव्हियातल्या पोतोसीच्या चांदीच्या खाणीत पाठवले जाऊ लागले. खाऊ घालण्याची जबाबदारी मात्र गळून पडली. पायऱ्यांच्या शेतीत भिंतीचा एक दगड निसटला की त्याच पावसाळ्यात बसवावा लागतो. बसवायला माणूस नसेल तर दोन-तीन वर्षांत ती पायरी खालच्या पायरीवर येते. पेरूतल्या जुन्या पायऱ्यांपैकी निम्म्याहून जास्त आज पडीक आहेत, त्याचं मूळ या शंभर वर्षांत आहे.

जिथे आयल्यू टिकले तिथे कामंही टिकली. अपुरिमाक नदीवरचा केस्वाचाकाचा गवती पूल घ्या. सुमारे ३० मीटर लांब, दरवर्षी जूनमध्ये नवा. चार गावांतल्या प्रत्येक घरानं गवत वळून ठरलेल्या लांबीची बारीक दोरी आणायची. त्या दोऱ्यांचे पीळ एकत्र करून मांडीएवढे जाड दोर होतात, चार पायाखाली आणि दोन हाताला. तीन दिवसांत पूल तयार. करोनाच्या साथीत गावांना जमता आलं नाही, दुरुस्ती चुकली आणि मार्च २०२१ मध्ये पूल तुटून पडला. त्याच जूनमध्ये त्यांनी नवा बांधला. लिमाला पाणी पुरवणाऱ्या यंत्रणेनं आता डोंगरातल्या जुन्या अमुनांच्या दुरुस्तीत लक्ष घातलं आहे. हे काम वारू-वारूच्या वाटेनं जाऊ नये असं मनापासून वाटत असेल तर पावसाळ्याआधी पाट साफ करायला कोण येणार आणि झऱ्याच्या पाण्याची पाळी कोण लावणार, हे वामांतांगासारख्या गावांच्या सभेतच ठरलं पाहिजे.